हिल्डीबाईचे डोळे

सांडू, गेल्या सोमवारी सकाळी राजूरला स्टुडिओचं शटर वर करताना तू कोसळलास. भोकरदनच्या दवाखान्यात नेईपर्यंत प्राण गेलेला होता. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असं कारण लिहिलं. संध्याकाळी केदारखेड्याला, तुमच्या शेतात, अंत्यसंस्कार झाले.

तुझी निधनवार्ता मीच लिहिली. वय, व्यवसाय, मागे पत्नी, मुलगी, जावई. नेहमीचा मजकूर, नेहमीच्या क्रमानं. केनियाचा उल्लेख त्यात नाही. तिथे तो एका वाक्यात आटपावा लागला असता, आणि तुझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी बाजी तू तिथून आणलेल्या एका फोटोवर लावलीस. म्हणून हा वेगळा मजकूर.

लग्नाचे फोटो हा तुझा धंदा होता. लगीनसराई संपली की तोच कॅमेरा घेऊन तू तळ्यावर आणि माळावर पक्ष्यांमागे फिरायचास. वर्षा, तुझी मुलगी, लग्नानंतर नैरोबीला गेली. जावई बियाण्यांच्या कंपनीत, कंपनीनं तिकडे पाठवलेला. तिनं तुम्हा दोघांना बोलावलं तेव्हा मथुरावहिनींनी विमानात बसायला साफ नकार दिला.

"मला यष्टीत उलटी व्हती. तिथं तर खिडकी बी उघडत न्हाई म्हणं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्हीच जा. हेंला एकटं सोडलं तर हे सिंहाला बी सांगतेन, जरा हनुवटी खाली घ्या म्हून."

मी तुझ्यासोबत गेलो. त्यांचा अंदाज फक्त सिंहापुरता चुकला. सिंहाकडे तू लक्षच दिलं नाहीस. इतर गाड्या सिंहाभोवती गोळा व्हायच्या आणि तू जोसेफला, आपल्या चालकाला, उलट्या बाजूला काटेरी झुडपाकडे गाडी घ्यायला लावायचास. जोसेफला मराठी येत नव्हतं आणि तुला इंग्रजी. पहिल्या दिवशी तुला कळलं की त्याच्या स्वाहिलीत चहाला 'चाय' म्हणतात, गाडीला 'गारी' आणि रंगाला 'रांगी'. त्यानंतर तुला माझी गरज उरली नाही.

"हे तर आपलंच बोलून राह्यलेत, लेका पत्रकारा," तू म्हणालास. "तू उगाच इंग्रजी झाडून राह्यला."

पहिल्या सकाळी बाभळीच्या शेंड्यावर चास दिसला. दसऱ्याला आपल्याकडे ज्याचं दर्शन घेतात, त्याचा तिकडचा भाऊबंद. छाती फिकट जांभळी, पोट आकाशी, पाठ तपकिरी. त्यानं झेप घेतली आणि पंखांतला गडद निळा रंग उघडला. तू सलग फोटो काढलेस, मग कॅमेरा खाली घेतलास. तुझ्या तोंडून आवाज निघाला नाही. तुझ्या बाबतीत ही नोंद करण्याजोगी गोष्ट होती.

बऱ्याच वेळानं म्हणालास, "काय शालू नेसलीय रे. देवानं पाठवतानाच तयार करून पाठवलीय." आणि मग, जोसेफलाही ऐकू जाईल अशा आवाजात, "आपल्याला ह्या रंगाला बिलकुल हात लावायचा न्हाई. आयुष्यभर नवऱ्या गोऱ्या केल्या. इथं जसं हाय तसं."

जोसेफ फक्त 'रांगी' ओळखून हसला.

पुढचे दिवस तू ज्या पद्धतीनं काम केलंस, तशी पद्धत मी इतर कोणा पक्षी छायाचित्रकाराकडे पाहिलेली नाही. तू पक्ष्यामागे धावत नव्हतास. लग्नमंडपातल्यासारखा एका जागी थांबायचास, 'आता बघतेय' असा क्षण येईपर्यंत. पाणवठ्यावर मध्येच रानरेडा येऊन उभा राहिला की तू पुटपुटायचास, "मामा, बाजूला व्हा. ओ मामा." ऐन मंगलाष्टकात कॅमेऱ्यासमोर कोणाचा तरी मामा येऊन उभा राहतोच, हा तुझा अनुभव होता, आणि आफ्रिकेतही तो खरा ठरला. डोक्यावर सोनेरी तुरा मिरवणारे क्रौंच हे तुझे फेटेवाले. लांब पायांचा, मागे हात बांधल्यासारखा गवतातून फिरणारा सेक्रेटरी पक्षी हा वरबाप. मी पुस्तकात नाव शोधायचो, तू नातं ठरवायचास. आपला एकच करार होता, दोघांचं एकमत झाल्याशिवाय कोणत्याही पक्ष्याचं नाव पक्कं धरायचं नाही.

एकदा तू रस्त्याकडेच्या मेंढरांसाठी गाडी थांबवलीस. लाल शाल पांघरलेला मसाई मेंढपाळ काठीवर एक पाय दुमडून उभा होता. तू खाली उतरलास आणि तुझे वडील मेंढरांमागे मारायचे तशी शीळ मारलीस. पुढच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. मेंढपाळ हसला आणि त्यानं त्याची शीळ मारून दाखवली. तिथून तू एकही फोटो न काढता परत आलास. विचारलं तर म्हणालास, "घरच्यांचे फोटो काय काढायचे."

ज्यावरून पुढे वाद झाला तो फोटो अभयारण्याच्या फाटकावरचा. जोसेफ परवान्याच्या रांगेत उभा होता. मण्यांच्या माळा विकणाऱ्या बाया खिडकीशी आल्या होत्या आणि मी त्यांच्याशी बोलत होतो. तेवढ्यात सांडलेले दाणे टिपायला मैनेच्या कुळातले पक्षी आले. पाठ चमकती निळी, पोट विटकरी. मी पाहिले त्यांचा डोळा पांढरा होता आणि निळ्या छातीखाली पांढरा पट्टा होता. म्हणजे सुपर्ब स्टारलिंग, तिथला अगदी नेहमीचा पक्षी.

"त्यातला एक येगळा हाय," तू म्हणालास. "खांबावरचा. पट्टा न्हाई त्येला. अन् डोळा लालभडक."

मी वळेपर्यंत तो उडाला. पुस्तकात तसा पक्षी होता, हिल्डेब्रांट्स स्टारलिंग. नाव तुझ्या जिभेवर बसेना, म्हणून तू त्याची हिल्डीबाई केलीस. जोसेफ आल्यावर त्यानं सांगितलं की इथे दोन्ही येतात. त्यानं पाहिला नव्हता, मी पाहिला नव्हता. मी म्हणालो, कॅमेऱ्यात दाखव.

"न्हाई," तू म्हणालास.

याचं कारण मला ठाऊक होतं, पण वाचकांसाठी सांगतो. काढलेला फोटो तू कोणालाही कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवत नसायचास. मंडपात फोटो दाखवला की तिथेच भांडण लागतं, हा तुझ्या धंद्यातला पहिला नियम. आत्याचे डोळे मिटलेले, काका अर्धे कापलेले, आणि खापर फोटोग्राफरच्या डोक्यावर. फोटो बाहेर यायचा तो अल्बम होऊनच. तो नियम तू आफ्रिकेतही मोडला नाहीस. हिल्डीबाईवर आपलं एकमत झालं नाही आणि करारानुसार नाव पक्कं झालं नाही.

परत आल्यावर जालन्याच्या पक्षीमित्रांनी रविवारी सकाळी तुझ्या फोटोंचा कार्यक्रम ठेवला. सभागृह भरलं होतं. बदनापूरहून सकाळच्या गाडीनं सर आले होते. निवृत्त शिक्षक, जिल्ह्यातल्या पक्षीनिरीक्षकांत सर्वांत ज्येष्ठ, आणि ओळख पटवण्यात कोणाचीही भीड न ठेवणारे. तू माइक हातात घेतलास आणि पहिलंच वाक्य बोललास, "मंडळी, ह्यातल्या एका बी फोटोत म्या काही बदललं न्हाई. शपथेवर सांगतो. इथं सासरच्यांना खूश करायचं नव्हतं."

लोक हसले. ते वाक्य तू मागे घेण्याची सोय ठेवली नव्हतीस.

चास आला तेव्हा टाळ्या पडल्या. लव्हाळ्याच्या काडीवर बसलेला, चोच लाल, पाठ निळी असा बोटभर खंड्या आला तेव्हा मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. मग पडद्यावर खांबावरची मैना आली आणि तू सांगितलंस, "ही हिल्डीबाई. लाल डोळ्याची."

पडद्यावर तिचा डोळा काळा होता.

तुझी पाठ पडद्याकडे होती. सर उठले. "सांडूभाऊ, डोळा काळा आहे. काळा डोळा पिल्लाचा असतो, आणि सुपर्बच्या पिल्लालाही पट्टा नीट नसतो. पण पंखांची चकाकी बघा, ती पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्याची आहे. शेपटी खांबाआड आहे, ओळखायला तिचा उपयोग नाही. असा पक्षी असत नाही. हा फोटो जसा काढला तसा नाही."

तू वळून पाहिलंस. "सर, म्या डोळ्यानं पाह्यलाय. लाल हुता."

"तुम्ही काय पाहिलं ते मी विचारत नाही. काय दाखवताय ते विचारतोय."

"शपथ घिऊन सांगतो, हात लावला न्हाई."

"शपथ नको. मूळ फोटो दाखवा."

तू म्हणालास, "मूळ फोटो म्या कुणाला दाखवत न्हाई."

सभागृहात या उत्तराचा एकच अर्थ घेतला गेला. मागून कोणीतरी बोललं, "लग्नवाले हायेत ते, गोरं करायची सवय." काही लोक हसले. मघाशी तुझ्या वाक्याला हसले होते तेच. उरलेले फोटो तू दाखवलेस, पण एकाही पक्ष्याचं नातं सांगितलं नाहीस. आता प्रश्न एका मैनेचा राहिला नव्हता. चास, खंड्या, क्रौंच, सगळ्यांच्याच रंगावर लोक संशय घेऊ लागले होते.

राजूरला परतताना गाडीत आपण भांडलो. मी म्हणालो, सरांचं बरोबर आहे, फोटो बदललेला दिसतो, मूळ दाखव आणि मोकळा हो. तू म्हणालास, "नवरीला हळद लागायच्या आधी कुणी स्टेजवर बसवतं का?" मी म्हणालो, ही नवरी नाही, पुरावा आहे. राजूर येईपर्यंत तू बाहेर बघत राहिलास.

स्टुडिओत वहिनी अल्बमची पानं लावत बसल्या होत्या. राजूरला सगळ्यांना ठाऊक आहे की फोटो तू काढायचास आणि अल्बम वहिनी लावायच्या. त्यांनी तुझं तोंड पाहिलं आणि माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दाखवा ती बाई."

तू फोटो लावलास. वहिनींनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पडद्याजवळ गेल्या आणि हसायला लागल्या. थांबेनात.

"अवो, हिचे डोळे तर तुम्हीच धुतले की!"

"म्या?"

"तर कुणी? त्या लग्नापसून तुमच्या हातून एक तरी लाल डोळा सुटला का?"

ते लग्न मलाही आठवत होतं. फ्लॅशमुळे नवरदेवाचे डोळे अल्बममध्ये लाल आले होते. मुलीकडचे दुकानात आले आणि म्हणाले, पोरगा पिऊन उभा राह्यला, तुम्हाला दिसलं न्हाई का. नवरदेव माळकरी होता. प्रकरण मिटवायला गणपतीच्या देवळात बैठक बसली. त्या दिवसापासून लाल दिसलेला प्रत्येक डोळा तू काळा करायचास. संगणकावर फोटो उघडला की रंग, उजेड, चेहरा हे सगळं नंतर, आधी डोळे. तुझा हात विचार न करता ते काम करायचा. हिल्डीबाईलाही त्यानं सोडलं नव्हतं.

तू मूळ फोटो उघडलास. दोन्ही शेजारी शेजारी. एकीकडे काळा डोळा, दुसरीकडे निखाऱ्यासारखा लाल.

मला वाटलं तू चिडशील. तू खुर्चीत मागे रेललास आणि मोठ्यानं हसलास. "अरारा. पक्ष्याला बी निर्व्यसनी करून टाकला म्या."

त्यानंतर तू जे केलंस ते करायला तुला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या देखत सरांना फोन लावलास, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवून. "सर, तुमचं बराबर. फोटो म्या बदललाय, अन् मलाच पत्ता न्हाई. पण माझं बी बराबर. पक्षी त्योच हाय."

सरांनी विचारलं, "दाखवाल?"

"या पुढच्या रविवारी. सगळ्यांना घिऊन या. जे हसले त्येंला तर नक्कीच आणा. समदं दाखवतो. कॅमेऱ्यातून निघालं तसं, एक बी न वगळता."

वहिनींनी हातातलं पान खाली ठेवलं. लग्नापासून त्यांनी तुझा हा नियम मोडलेला पाहिला नव्हता.

पुढच्या रविवारी राजूरच्या स्टुडिओत बसायला जागा उरली नाही. पाठीमागचा निसर्गदृश्याचा पडदा गुंडाळून पांढऱ्या भिंतीवर तू फोटो लावलेस. लोकांना हिल्डीबाई बघायची होती. तू सुरुवात पहिल्या दिवसापासून केलीस. रिकामी फांदी. "इथं गरुड हुता. मी पोचेस्तोवर गेल्ता." हललेली फांदी. गाडीच्या छताची कड. रानरेड्याचा मागचा भाग, पूर्ण चौकटीत. "हे मामा." अर्धा क्रौंच. जोसेफचा कान. माझं टक्कल आणि त्यामागे धूसर काहीतरी निळं. "ह्यो पत्रकार. दुर्मिळ न्हाई, सगळीकडं सापडतो."

लोक पोट धरून हसत होते. आदल्या रविवारसारखं हसणं नव्हतं ते. बिघडलेले फोटो सरकत गेले आणि अधूनमधून, त्याच ओळीत, हात न लावलेले, चास आला, खंड्या आला, फेटेवाले आले. रंग तेच होते, सभागृहात दाखवले तेच. भिंतीवर रंग यायचा आणि हसणं थांबायचं. 'लग्नवाले' म्हणणारा माणूस पहिल्या रांगेत आला होता. खंड्याला त्यानंच पहिली टाळी वाजवली.

मग फाटक. मण्यांच्या बाया, त्यांच्याशी बोलणारा मी, पांढऱ्या डोळ्यांच्या मैना. आणि खांबावर ती.

सर उठून भिंतीपर्यंत गेले. जवळ वाकून पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं. आमच्याकडे वळले आणि पूर्ण नाव उच्चारलं. "हिल्डेब्रांट्स स्टारलिंग. पूर्ण वाढ झालेला. शंका नाही."

टाळ्या किती वेळ चालल्या ते मी मोजलं नाही. बाहेर देवळाकडे निघालेले लोक काय झालं म्हणून दारात डोकावले. तू दोन्ही हात वर केले होतेस. वहिनी मागे भिंतीला टेकून तोंडावर पदर धरून हसत होत्या. मी तुला लहानपणापासून ओळखत होतो. त्या दिवशी दिसलास तसा त्याआधी कधी दिसला नव्हतास.

त्या दुपारी सरांनी तुला जगभरातल्या निरीक्षकांच्या संकेतस्थळावर तो फोटो चढवायला शिकवलं. तिथे नाव आपण द्यायचं, आणि दुसऱ्या कोणी जाणकारानं तेच नाव दिलं की नोंद खात्रीची होते. तू म्हणालास, "सर, द्या की तुमचं मत."

सर म्हणाले, "नाही. मी तुमच्या घरचा चहा प्यायलोय. तिकडच्या माणसानं द्यावं."

नोंद तशीच राहिली. पक्षी तिकडे नेहमीचा, अशा हजारो नोंदी पडून असतात, हे मी तुला सांगितलं. तरी तुझा फोन यायचा. "आलं का रे कुणी?" मी म्हणायचो, अजून नाही, तोपर्यंत मी 'कथित' लिहीन.

"लेका, तू माझ्या मरणाची बातमी बी कथित म्हणून छापशील."

नाही छापली.

आपला एक वाद अर्धा राहिला. माझं म्हणणं, पक्ष्याचा डोळा जसा आहे तसा ठेवायचा तर नवरदेवाचाही ठेव आणि नवरीचा रंगही. तुझं म्हणणं, "पक्ष्याला सासू नसती." मी म्हणालो, हा युक्तिवाद नाही. तू म्हणालास, मग तू लग्नाचे फोटो काढून दाखव. वहिनींनी परवा सांगितलं की शेवटच्या काही लग्नांत तू नवऱ्या गोऱ्या केल्या नाहीस. एका नवरीनं स्वतः येऊन अल्बम छान झाला असं सांगितलं म्हणे. हे तू मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी जिंकलो असतो, म्हणूनच बहुधा. डोळे मात्र तू शेवटपर्यंत काळे करत राहिलास, असंही वहिनी म्हणाल्या. म्हणजे वाद बरोबरीत आहे.

तुला एक सांगायचं राहिलं. माझ्या कामात मी आयुष्यभर लोकांना मूळ दाखवा म्हणत आलो आहे. बहुतेकांनी दाखवलं नाही. ज्यांनी दाखवलं, त्यांनी बाजू सावरून, निवडून दाखवलं. रिकाम्या फांद्यांसकट, जोसेफच्या कानासकट, सगळं भिंतीवर लावणारा माणूस मला एकच भेटला, आणि त्याच्याबरोबर मला आफ्रिकेत फिरायला मिळालं. याबद्दल मी तुझा आभारी आहे.

काल दुपारी वर्षा नैरोबीहून आली. तिच्या फोनवर त्या संकेतस्थळावरचं तुझं खातं उघडलेलं होतं. त्यावर केनियातल्या नाकुरूच्या एका निरीक्षकाचं मत आलेलं आहे. पक्षी, हिल्डेब्रांट्स स्टारलिंग, प्रौढ. निरीक्षक, सांडू म्हस्के, राजूर. नोंद खात्रीची.